डांबरी संपते तिथून पुढे : वस्तीवर ब्रॉडबँड कसं न्यायचं?



हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला नेटच्या नावाने बोटं मोडायचा जन्मसिद्ध हक्क आहे. रात्री अकरा वाजता एकाच वेळी तीन मजल्यांवरची पोरं व्हिडिओ बघायला बसली की चाक फिरत राहतं आणि मग वॉर्डन सरांपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. पण हे दुखणं ‘नेट स्लो आहे’ या जातीचं. मी ज्या दुखण्याबद्दल लिहिणार आहे ते वेगळं आहे. तिथे नेट स्लो नसतं, तिथे ते पोचतच नाही. आपल्यातले निम्मे तरी मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, माढा, करमाळा अशा तालुक्यांतून आलेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं घर गावात नाही, रानात आहे. वस्तीवर. त्यांच्यासाठी हा लेख आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यातलं निम्मं गणित अँटेनाच्या पेपरला येतं!

आमची वस्ती मंगळवेढा तालुक्यात, गावठाणापासून साडेतीन किलोमीटरवर. डांबरी रस्ता दोन किलोमीटर अलीकडेच संपतो. पुढे गाडीवाट, मग ओढा, मग आम्ही. चार घरं, सगळी भावकीच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी नववीत होतो, तेव्हा फोन हौदाच्या भिंतीवर एका विशिष्ट विटेवर ठेवला की शाळेचे व्हिडिओ उतरायचे. वीट बदलली की गेलं. तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

प्रश्न खरा पेटला २०२५ मध्ये, माझी धाकटी बहीण दहावी झाली तेव्हा. त्या वर्षीपासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. पुढे सीईटी, तिचे क्लास, तिच्या टेस्ट सिरीज, सगळं नेटवरच. आण्णा एक दिवस जेवताना म्हणाले, “मंगळवेढ्यात खोली बघू. पोरगी आन् तिची आई तिथं राहतील दोन वर्षं.” म्हणजे खोलीचं भाडं, दोन चुली, आणि आई नाही म्हटल्यावर दोन्ही गाई विकायच्या. आई काही बोलली नाही, फक्त भाकरी थापायची थांबली. हे आमच्याकडेच होतं असं नाही. तालुक्याच्या गावात भाड्याने राहणाऱ्या अशा किती आया असतील ते तुम्हीच आठवून बघा.

तर मूळ प्रश्न असा की फायबर गावापर्यंत येतं आणि वस्तीवर का येत नाही? सरकारी योजनेची आखणीच तशी होती. २०११ मध्ये केंद्राने नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं, त्याचंच पुढे ‘भारतनेट’ झालं. उद्देश होता अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचा. ग्रामपंचायतीपर्यंत! महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम ‘महानेट’ नावाने झालं, त्याचंही टोक पंचायतीतच. २०२३ च्या सुधारित योजनेत (१,३९,५७९ कोटी रुपये) ग्रामपंचायत नसलेली ३.८ लाख गावंही मागणीनुसार जोडायचं ठरलं. पण तरी शब्द ‘गाव’ हाच आहे. रानातली चार घरं म्हणजे गाव नव्हे.

खाजगी केबलवाल्याचं गणित तर आणखी सरळ. खांबावरून फायबर न्यायची तर साधारण ४५ मीटरला एक खांब धरा, म्हणजे ३.६ किलोमीटरला ८० खांब. एवढे खांब चार घरांसाठी कोण रोवणार? जमिनीखालून न्यावी तर नांगराच्या फाळाला कळत नाही की खाली काय आहे. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेचंही तसंच, अंतर वाढेल तसा सिग्नल तारेतच विरत जातो आणि चार-पाच किलोमीटरनंतर डीएसएलमध्ये फारसा राम राहत नाही. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत होते, २०१३ मध्ये ते ५१२ झालं, जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. आमचा हौद यातल्या पहिल्या व्याख्येतसुद्धा कधीमधीच बसायचा.

मग मोबाइल? सगळ्यात आधी हाच उपाय करून बघावा, कारण तो स्वस्त आहे. घरात सिग्नल नाही पण छतावर आहे, असं असेल तर सिमकार्डाचा फोर-जी राउटर घ्यायचा, त्याला बाहेरचा दिशादर्शक अँटेना लावायचा आणि तो उंच पाईपवर चढवून टॉवरच्या दिशेने वळवायचा. कित्येक वस्त्यांचा प्रश्न एवढ्यावर मिटतो. आम्हीही मित्राचा अँटेना आणून लावून बघितला. सकाळी सहाला झकास चालायचं, संध्याकाळी सातला मान टाकायचं. कारण उघड आहे. अँटेनाने तुमच्यापर्यंतचा सिग्नल सुधारतो, टॉवरची एकूण क्षमता वाढत नाही. मेसमध्ये तुम्ही मोठं ताट घेऊन गेलात म्हणून पातेल्यातली भाजी वाढते का? तसंच ते. तुमच्याकडे संध्याकाळी किती मिळतं ते मोजा. तेवढ्यात काम भागत असेल तर इथेच थांबा, पुढचा खर्च करू नका.

उपग्रहाचाही पर्याय आहे. जुने भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, त्यामुळे प्रश्न विचारून उत्तर यायला अर्धा सेकंद जातो. क्लासमध्ये बहीण ‘सर, कळलं नाही’ म्हणेपर्यंत सर पुढच्या गणितावर! साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांना हा त्रास नाही. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला. पण आमचं काम त्याच्या आधीच्या महिन्यात होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गावात फायबर आहे, वस्तीवर नाही, मधे ३.६ किलोमीटर रान आहे. या रानावरून तार न्यायची नसेल तर रेडिओ लिंक न्यायची. दोन टोकांना दोन छोट्या डिश, एकमेकींकडे तोंड करून. यात नवीन काही नाही. २००० च्या दशकात आयआयटी कानपूरने ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ या प्रकल्पात साध्या वायफायच्याच तंत्रावर उत्तर प्रदेशातली खेडी किलोमीटर-किलोमीटर लांबून जोडून दाखवली होती. अडचण तेव्हा परवान्याची होती. आता ती राहिलेली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा, त्यात ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ, परवानामुक्त केला. ठरलेल्या शक्तीच्या आत राहिलात आणि उपकरण मान्यताप्राप्त असलं की झालं.

मुंबईच्या आयआयटीने पालघरमध्ये याच कामासाठी वेगळी वाट धरली. टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रिकाम्या जागा वापरून त्यांनी तिथली खेडी जोडली. त्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. पालघरला डोंगर आणि झाडी. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी झाडीतून बऱ्या जातात, आणि सूत्राने बघितलं तर ५८०० ऐवजी ५०० मेगाहर्ट्झला हवेतला ऱ्हास २१ डीबीने कमी. पण त्या पट्ट्याला आपल्याला हात लावता येत नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. मंगळवेढ्याची काळी जमीन तुम्ही बघितली असेल. मालदांडी ज्वारीचं शिवार, क्षितिजापर्यंत सपाट, बांधावर झाड शोधावं लागतं. उन्हाळ्यात ज्या उघड्या रानाला आपण शिव्या देतो, तेच रेडिओवाल्याला वरदान आहे. आपल्या जिल्ह्यात हा उपाय जितका सोपा आहे तितका कोकणात नाही.

आता गणित. हवेतला ऱ्हास म्हणजे ३२.४४, अधिक २० लॉग अंतर (किलोमीटरमध्ये), अधिक २० लॉग फ्रिक्वेन्सी (मेगाहर्ट्झमध्ये). ३.६ किलोमीटर आणि ५८०० मेगाहर्ट्झ घातले की ३२.४४ + ११.१३ + ७५.२७, म्हणजे जवळजवळ ११९ डीबी. रेडिओची शक्ती १३ डीबीएम, डिशचा गेन २३, दोन्ही मिळून ३६. त्यातून ११९ गेले, समोरच्या डिशचे २३ मिळाले, उरले उणे ६०. या जातीच्या रेडिओला शंभरेक एमबीपीएससाठी उणे ७० सुद्धा चालतं. म्हणजे १० डीबी गाठीशी. पावसाची भीती नको, ५.८ गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरात पाऊस फारसं काही करत नाही. त्याहून वरच्या, १० गिगाहर्ट्झच्या पुढच्या लिंक पावसाने आजारी पडतात.

हा आकडा आधी काढून ठेवणं फार महत्त्वाचं, आणि त्याचं कारण डिश फिरवताना कळतं. डिशला मुख्य झोताशिवाय बाजूचे बारीक झोतही असतात. आम्ही चढवल्यावर पहिल्यांदा उणे ७६ आलं आणि लिंक लागलीसुद्धा. कागदावर ६० लिहिलेलं होतं, त्यामुळे हा बाजूचा झोत आहे हे लगेच समजलं. डिश बोटभर-बोटभर सरकवत उणे ६२ ला आणली आणि नट आवळले.

पण ‘समोर दिसतं’ म्हणजे पुरेसं नाही, इथे बरेच जण फसतात. रेडिओची लहर सुतासारखी सरळ जात नाही, मधे फुगते. भाकरीसारखी नव्हे, काकडीसारखी. याला फ्रेनेल झोन म्हणतात. आपण तो पेपरला पाच मार्कांसाठी पाठ करतो आणि विसरतो. या काकडीचा निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. आमच्या वाटेत अडथळा एकच, वस्तीपासून ६०० मीटरवर ओढ्याकाठची वेडी बाभूळ, उंची साधारण ८ मीटर. त्या जागी फ्रेनेलची त्रिज्या येते ५.१ मीटर, तिचे ६० टक्के ३.१. पृथ्वीच्या गोलाईचे म्हणून १० सेंटिमीटर. सगळं मिळून रेषा तिथे ११.२ मीटरवरून गेली पाहिजे. गावाकडचं टोक पाण्याच्या टाकीवर, १६ मीटर. मग वस्तीवरचा खांब किती हवा? वीस फुटी दोन जीआय पाईप जोडले, पाच फूट काँक्रीटमध्ये गाडले, राहिले ३५ फूट, म्हणजे १०.७ मीटर. ओढ्यावर रेषेची उंची भरते ११.६. जमलं! बाभळीला दरवर्षी फुटवा येतो, तेवढी छाटायची.

कागदावरचं तपासायला आम्ही आरसा वापरला. सकाळी नऊला चुलतभाऊ टाकीवर चढला, त्याने आरशाने ऊन वस्तीकडे फेकलं, आणि मी शिडीवरून ते बघितलं. गुगल अर्थवर उंचीचा आलेख मिळतो, तो जरूर बघा, पण त्याला बाभळी दिसत नाहीत.

खांब उभा करणं हे इंजिनिअरिंगपेक्षा जत्रेतली काठी उभी करण्यासारखं काम आहे. दहा माणसं, दोर, आणि ओरडणारा एकच! तीन बाजूंना दोन-दोन ताण, त्यातला एक पाईपच्या जोडाजवळ, कारण मोडतं ते तिथेच. खांबाला स्वतंत्र अर्थिंग आणि केबलला सर्ज अरेस्टर लावलाच पाहिजे. मे महिन्यातला वळीव विजेशिवाय येत नाही, आणि सपाट रानात ३५ फुटी लोखंड म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रणच.

टाकीची परवानगी हा वेगळाच अध्याय. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव लागतो. तिथे दोन प्रश्न आले. पहिला, टाकीला भोक पाडणार का? नाही, कठड्याच्या पाईपला क्लॅम्प. दुसरा एका म्हाताऱ्या सदस्यांचा : “पाण्यात रेडेशन उतरंल का रं बाळा?” हसू नका, प्रश्न रास्त आहे. १३ डीबीएम म्हणजे २० मिलिवॉट, आणि तोही आडव्या झोतात. आपल्या खिशातला मोबाइल जास्तीत जास्त २०० मिलिवॉट फेकतो. हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःचा मोबाइल खिशातून काढून जरा लांब ठेवला, आणि ठराव मंजूर झाला.

केबलवाल्याला सगळं आधी सांगून कनेक्शन वस्तीच्याच पत्त्यावर घेतलं. हे महत्त्वाचं आहे. गावातल्या कुणाच्या तरी नावाचं कनेक्शन गुपचूप ओढून चार गिऱ्हाइकांना विकणं हा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. शेजारच्या वस्त्यांना रीतसर द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली ‘पीएम-वाणी’ योजना आहे. तिच्यात छोट्या दुकानदारालाही परवाना आणि फी शिवाय वायफाय देता येतं.

रेडिओमध्ये एक सेटिंग कुणी सांगत नाही, ते अंतराचं. वायफाय मुळात खोलीसाठी बनलेलं. पॅकेट पाठवलं की काही मायक्रोसेकंदांत पोच आली पाहिजे, नाही आली तर हरवलं समजून ते पुन्हा पाठवतं. ३.६ किलोमीटर जाऊन यायलाच २४ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून रेडिओला अंतर सांगून ठेवावं लागतं, किंवा दोन्ही टोकांनी पाळीपाळीने बोलायची पद्धत लावावी लागते. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये अशाच लांबच्या लिंकसाठी ‘टू-पी’ नावाची पद्धत मांडली होती. आवड असेल त्याने ती सेमिनारला घ्यावी, ओरलला सर खूश होतील.

आणि वीज. रानातली घरं बहुतेक शेतीपंपाच्या फीडरवर, त्यावर वीज पाळीने. रेडिओ आणि राउटर मिळून १५ वॉट, दिवसाचे ३६० वॉट-अवर. १०० वॉटचं सोलर पॅनेल नुकसान धरून जेमतेम ३५० देतं, म्हणून १५० वॉटचं घेतलं. १२ व्होल्ट, ७५ अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी निम्मी वापरली तरी तीस तास जातात. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी लावायचा मोह सगळ्यांना होतो. ती एका झटक्यात भरपूर करंट द्यायला बनवलेली असते, रोज निम्मी रिकामी केली की वर्षभरात जाते. टाकीवरच्या रेडिओला पंचायतीच्या लाइटवर छोटा यूपीएस पुरतो.

सगळा खर्च चाळीस हजारांच्या आत बसला. मंगळवेढ्यातल्या खोलीचं वर्षभराचं भाडं आणि वरखर्च याच्या पुढेच गेला असता, गाई वेगळ्याच. ५० एमबीपीएसचा प्लॅन वस्तीवर पुरेपूर मिळतो. बहीण आता अकरावीला आहे, कॉलेजला एसटीने जाते-येते आणि क्लास घरी बसून करते. तिची तक्रार एवढीच की आता ‘नेट नव्हतं’ ही सबब चालत नाही.

आमच्या घरातला खरा बदल मात्र मला अपेक्षित नव्हता तिथे झाला. वेग कुणाला हवा होता? आण्णांना बाजारभाव आणि हवामान हवं होतं. वारणानगरला १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्पात ७० गावांत कॉम्प्युटर बसवले होते, आणि २००७ च्या सुमारास काही गावांत त्याच कामासाठी नुसते मोबाइलचे एसएमएस पुरतात असं दिसलं, कारण शेतकऱ्याला उसाचं वजन आणि बिलाचा आकडाच बघायचा होता. आण्णाही त्यातलेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, सगळ्या जिल्ह्यात पावसाने हात धुऊन घेतले, तेव्हा आमचा ओढा दोन दिवस भरून वाहत होता आणि वस्तीवरून कुणी बाहेर पडू शकत नव्हतं. ढगांमुळे पॅनेल जवळजवळ बंद, म्हणून रात्री राउटर बंद ठेवून बॅटरी पुरवली. त्या दोन दिवसांत चुलत्यांनी बुडालेल्या तुरीचे फोटो तलाठ्याला पाठवले, आज्जीच्या गोळ्या बदलायच्या होत्या त्या डॉक्टरांना व्हिडिओवर विचारून बदलल्या. यासाठी ५० एमबीपीएस लागत नाही. लिंक चालू असणं लागतं.

पुढच्या सुट्टीत शेजारच्या वस्तीची लिंक टाकायची आहे, एक किलोमीटरच आहे. पण मधे ४५ फुटी चिंच आहे, आणि तिच्या फांदीलाही हात लावायचा नाही असं आज्जीने बजावून ठेवलंय. तेव्हा खांब गोठ्याच्या पलीकडे घेऊन चिंचेच्या बाजूने रेषा काढायचं चाललंय, त्यासाठी पुन्हा मोजमाप करावं लागेल. पाईप उभा करायला दहा माणसं लागतात. ज्यांना यायचंय त्यांनी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षात मला गाठा. येताना हातमोजे आणा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आमच्याकडे.